डावखुरा चोपदार

माझ्या हातून आयुष्यात एकच चोपदार घडला आणि तो डावखुरा निघाला. मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वस्तू आणि तिची आरशातली प्रतिमा यांतला फरक न समजणाऱ्या मुलांचे गुण मी आजवर निर्दयपणे कापत आले आहे. म्हणून ही हकिकत मी शक्य तितक्या शांतपणे सांगणार आहे.

आमच्या चाकूर-रेणापूरच्या बाजूला लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या दोन्ही अंगांना, दोन पहारेकरी रंगवायची रीत होती. एकाच्या हातात भाला, तो भालदार. दुसऱ्याच्या हातात दंड, तो चोपदार. वर कमान, कमानीखाली वधूवरांची नावं. लग्न उरकलं की पुढच्या दिवाळीला भिंतीवर चुन्याचा हात फिरायचा आणि दोघे नोकरीतून मोकळे व्हायचे. त्यांच्याकडे कुणी नीट पाहत नसे. लग्नात पहारेकऱ्याकडे पाहण्याइतका वेळ कुणाला असतो?

माझी भाची ऋतुजा मात्र पाहत बसली होती. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण सिंधुअक्का, ऋतुजा बालवाडीत असताना गेली. ऋतुजा आजोळी वाढली, तिचं लग्नही आजोळच्याच दारातून ठरलं. लग्न ठरल्यावर ती नांदेडला माझ्याकडे आली आणि तिने माझ्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक अक्काच्या लग्नाचा फोटो आणि दुसरा अक्काचा शालू.

"मावशी, मंडप कसाही असू द्या. जेवणात काय ठेवायचं ते मामांना ठरवू द्या. पण दारात हे दोघं पाहिजेत. हेच. आई ज्यांच्यामधून बाहेर पडली, ते."

या मुलीने आजवर कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. शाळेत असताना चपलेचा अंगठा तुटला तरी ती दोरी बांधून जायची. तिने मागितली ती पहिली वस्तू ही, आणि ती भिंतीवरून पुसली जाऊन जमाना झाला होता.

फोटोत दाराच्या चौकटीत अक्का उभी आहे, कपाळाला बाशिंग, नजर खाली. तिच्या एका बाजूला भालदार कंबरेपर्यंत दिसतो. मिशीचं एक टोक लांब, एक आखूड, डोळे किंचित तिरळे, अंगात निळा अंगरखा. दुसऱ्या बाजूला, जिथे चोपदार असायला हवा तिथे, आमचे ईश्वरप्पा काका आहेत. नवा कोट, फेटा आणि छाती पुढे. चोपदाराचं एक बोटसुद्धा दिसू नये अशा बेताने ते उभे आहेत.

शालूच्या पदरावर, नेसल्यावर डाव्या कोपराशी येईल असा, एक निळसर डाग होता. मी तो पाण्याने आणि साबणाने तपासला, हलला नाही. तेव्हा विषयातल्या अधिकाराने सांगितलं, "शाई आहे. आहेर लिहून घेणाऱ्या कुणाचा तरी पेन गळला असणार. मी कॉलेजात नेऊन काढून आणते."

"राहू द्या," ऋतुजा म्हणाली आणि शालूची घडी केली.

ज्या पेंटरने ते पहारेकरी रंगवले होते तो पुढे हैदराबादला गेला आणि तिकडेच वारला. रविकिरणने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, लातूरपर्यंत चौकशी केली. दुकानावर अजून पेंटर असं लिहिलेले सगळे आता आत बसून फ्लेक्स छापत होते. मग त्याने मोबाईललाच सांगून एक चोपदार काढवला. त्या चोपदाराच्या एका हाताला सहा बोटं होती आणि चेहरा, हॉटेलात खोली शिल्लक नाही असं सांगणाऱ्या माणसाचा होता.

या वेळी मी फोनवर एवढंच म्हणाले, "तसं करता येईल." प्रयोगशाळेत याचा अर्थ, तत्त्वतः अडचण दिसत नाही, असा होतो. घरात त्याचा अर्थ, सुकन्या, म्हणजे मी, करून आणणार, असा झाला. संध्याकाळपर्यंत उदगीरच्या आत्यांनाही तो कळला होता.

माझी पात्रता सांगते. करोनाच्या काळात मुलांना रेणू फिरवून दाखवता यावेत म्हणून मी त्रिमितीचं एक सॉफ्टवेअर शिकले होते. ज्यात बेंझिन उभं राहतं त्यात माणूसही उभा राहतो, फक्त त्याला कपडे घालावे लागतात. संगणकात बाहुली उभी करायची, तिच्यावर एका बाजूने उजेड सोडायचा आणि तिचं चित्र काढून घ्यायचं. या चित्राला रेंडर म्हणतात. मी फोटो समोर ठेवून भालदार उभा केला. फेटा बांधला, मिशी लावली, भाला दिला, कंबरेला तलवार लटकवली. मिशीची दोन्ही टोकं आपोआप सारखी झाली, ती मी लांब-आखूड केली. रेंडर झाला आणि मला कौतुक वाटलं. फेट्याचा पीळ दिसत होता, कपाळावर बारीक घाम होता.

आमच्या खालच्या मजल्यावर शेषेराव राहतात. रेल्वेच्या विभागीय कार्यालयातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून आमच्या इमारतीचं काम पाहतात, म्हणजे प्रत्येकाच्या घरात काय चाललंय ते पाहतात. ते पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले, पडद्यावरचा भालदार पाहिला, आणि हातातली किल्ली खिशात ठेवून गंभीर झाले.

"कधी गेले?"

"कोण?"

"हे. लई तेजस्वी माणूस दिसतो. आजारी होते का?"

मी खुलासा केला. तो त्यांना पटला नाही. त्याच रात्री मी चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली काही लिहिलं नाही. माझा समज असा की चित्र स्वतःच बोलतं. सकाळी पाहते तर उदगीरच्या आत्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेलं, त्याखाली एकापाठोपाठ एक हात जोडलेले, आणि एका चुलत मेहुण्याने लिहिलं होतं, 'माणूस दिलदार होता. आमच्याकडे आले की जेवूनच जायचे.'

आईचा फोन आला. आईचं नाव शिवम्मा. ती कमी बोलते, पण जे बोलते त्यानंतर बाकी कुणी बोलायची गरज उरत नाही.

"बाई, कोणाचा माणूस धरून आणलास? लग्नात जिवंत माणूस भिंतीला लावत्यात का?"

तेव्हा मला अडचण कळली. माझा भालदार फार खरा होता. भिंतीवरचा भालदार खरा नसतो, रंगवलेला असतो. माझ्याकडे माणूस होता. आता त्याला चित्र करायचं होतं.

यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बटणं असतात. 'तैलरंग' नावाचं एक बटण दाबलं तर भालदार गोणपाटावर सांडल्यासारखा दिसू लागला. 'जलरंग' दाबलं तर त्याला ताप आल्यासारखा वाटला. दोन्हींत एक दोष समान होता. कुंचल्याचे फटकारे सगळीकडे सारख्या लांबीचे, सारख्या जाडीचे, नाकावरही तेच आणि भाल्यावरही तेच. कुठलाही माणूस नाक आणि भाला सारख्याच मनाने रंगवत नाही.

मग मी रीतसर अभ्यास केला. फोटोतला भालदार मोठा करून पाहिला. हाताने ओढलेली रेघ सुरुवातीला जाड असते आणि सुटताना बारीक होते. हात थांबला तिथे रंग साचतो. उजेडाचा भाग आधी न रंगवता सोडलेला नसतो, शेवटी पांढऱ्याचा एकच हात मारलेला असतो. निळा रंग रेघेच्या बाहेर जातो, पण पेंटर घाईत असेल तिथेच, आणि चेहऱ्याजवळ तो घाईत नसतो. मी सावल्या पुसल्या, रंग मोजकेच ठेवले, घाम टिपला. मग एकेक रेघ माउसने पुन्हा ओढली आणि जाणीवपूर्वक चुका घातल्या. पहिल्या चुका मी कुठेही घातल्या, जिथे हात पडेल तिथे. त्या चुका वाटेनात, छळ वाटू लागला. हाताची चूक कुठेही होत नाही. पेंटरला काहीतरी जमवायचं असतं, आणि ते न जमण्याची एक ठरलेली दिशा असते. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते शेषेरावांना ऐकवलं.

"म्याडम," ते म्हणाले, "तुमचा हात थरथरून न्हाई राहिला. चहा वाढवा."

मी चहा वाढवला. शेषेराव रोज संध्याकाळी तपासणीला येऊ लागले. त्यांनी एके काळी स्टेशनांवरच्या पाट्या रंगवून घेतल्या होत्या, त्या भांडवलावर ते मिशीबद्दल मत देत. मिशी थोडी खाली घ्या म्हणाले, घेतली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता हा तिकीट तपासनीस वाटतो, वर घ्या. डोळा तिरळा करताना त्यांनी आपली मिसेस बोलावली, मिसेसनी शेजारीण बोलावली. तिघांनी मिळून ठरवलं की भालदार त्यांच्याकडेच बघतोय. तेव्हा मी संगणक बंद केला. पण भालदार साधला होता, हे मला मान्य करायला हवं. फोटोशेजारी ठेवला तर तोच होता.

प्रश्न उरला चोपदाराचा, जो कुणालाच दिसत नव्हता. त्या लग्नात मीही होते, पण पहारेकऱ्यांकडे मीही पाहिलं नव्हतं.

मी गावी फोन लावले. काका म्हणाले, "मला इचार. मी त्याच्या म्होरंच हुतो. हातात सोन्याचा दंड, पायाशी वाघ. लग्न लई दणक्यात झालं. निस्तं माझ्या नव्या कोटाचं तेवढं धोब्यानं वाटोळं केलं, पाठीवर निळा रंग चढवून दिला मेल्यानं. त्याच्याशी मी पुन्यांदा कदी बोललो न्हाई." काका त्याच्या म्होरं होते हे खरं, पण त्यांची पाठ त्याच्याकडे होती, हे मी मोठ्यांचा मान राखून बोलले नाही.

आई म्हणाली, वाघबिघ काही नव्हतं, फेट्यात मोरपीस होतं. रविकिरण तेव्हा पाच वर्षांचा होता. तो म्हणाला, "ताई, एवढंच ध्यानात हाय की मी त्याला भ्यायचो. तो माझ्याकडं बघायचा." वर्णन म्हणून हे उपयोगी नव्हतं. उदगीरच्या आत्यांनी, चोपदार नव्हताच, तिथं केळीचा खांब होता, असं शपथेवर सांगितलं. ज्यांनी एका न जन्मलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहिली होती त्यांनी जन्मलेल्याला नाकारावं, यात एक संगती होती.

ऋतुजाचा रोज एकच निरोप येई. "मावशी, दुसरा सापडला का?"

शेवटी मी जे केलं त्याला बटण एकच लागतं. भालदार घेतला आणि उलटा केला. आरशात दिसावा तसा. भाल्याचं पातं काढून दंडाचा गोंडा लावला, फेट्याचा रंग बदलला, चेहरा जरा वयस्कर केला. दाराच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोघे ठेवून पाहिले तर कशी शोभा आली. दोघांचे हात बाहेरच्या अंगाला, दार मोकळं. मला एवढं समाधान वाटलं की मी शेषेरावांनाही बोलावलं नाही.

छपाईला लातूर. रविकिरणच्या ओळखीचा दयानंद, त्याचं फ्लेक्स आणि स्टिकरचं दुकान. मी फायली पाठवल्या, बिनचकाकीचा स्टिकर सांगितला, आणि ठरल्या दिवशी बसने गेले. दयानंदने दोन्ही पहारेकरी जमिनीवर पसरून ठेवले होते. ते गोरे झाले होते. गाल गुलाबी, डोळे मोठे, मिशीची दोन्ही टोकं सारखी. माझा एकही साचलेला रंग, एकही बाहेर गेलेली रेघ शिल्लक नव्हती. पायाशी दयानंदच्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर.

"हे काय केलंत?"

"म्याडम, लई खराब फाइल हुती," दयानंद आपुलकीने म्हणाला. "सगळे डाग काढून दिले. आमी सगळ्याच वाढदिवसांना काढतो, हाताला सवयच हाय. तुमच्या माणसाचा तर डोळाबी सरळ केला. बघा, धा वर्षांनी लहान दिसायला लागला."

आठवडे घालून मी ज्या चुका पेरल्या होत्या त्या त्याने एका दुपारी वेचून काढल्या होत्या. मी त्याला हाताने रंगवल्यासारखं दिसण्याचा मुद्दा समजावून सांगितला. तो मन लावून ऐकत होता.

"म्हंजे तुमाला डाग पायजेत."

"हो."

"मंग डाग म्हनून सांगायचं की."

मूळ फायली पुन्हा छापून घेतल्या आणि खालचं नाव नि नंबर आग्रहाने काढायला लावला. दयानंद नाराज झाला, पण काढला. हा आग्रह मला पुढे नडणार होता.

हळदीच्या आदल्या दिवशी स्टिकर दाराशी चिकटवले. मागच्या वर्षीचा डिस्टेंपर होता, भिंत गुळगुळीत होती, रविकिरणने हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही. ऋतुजा अंगणात उभी राहून बघत होती. भालदाराकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. चोपदाराकडे बघताना ती उमटली नाही. ती फोटो आणि भिंत यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली, जणू काका बाजूला सरकतील.

त्या वेळी निवडणुकीची आचारसंहिता लागलेली होती. एक जीप रस्त्यावरून पुढे गेली, थांबली आणि मागे आली. तिच्यातून दोन साहेब उतरले.

"हे दोघं कोण?"

मी पुढे झाले. "हे भालदार."

"भालदार. कोणत्या वॉर्डातून?"

"उमेदवार नाहीत. लग्नाचं चित्र आहे."

"चित्रच असतंय बाई सगळ्यांचं. परवानगी हाय? खाली छापणाऱ्याचं नाव न्हाई, पत्ता न्हाई. छापील साहित्यावर ते लागतं. तुम्ही शिकलेल्या दिसता."

मी शिकलेली आहे आणि नाव मीच काढायला लावलं, हे मी सांगितलं असतं तर प्रकरण वाढलं असतं. रविकिरणने लग्नपत्रिका आणून दाखवली. पत्रिकेत दोघांची नावं कुठे आहेत, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. शेवटी, वरून विचारून सांगेपर्यंत चेहरे झाकून ठेवा, असं ठरलं. रविकिरणच्या बायकोने दोन पोती आणली. संध्याकाळभर लग्नघराच्या दारात दोन पहारेकरी तोंडावर पोती घेऊन उभे होते. येणारा पाहुणा आधी त्यांच्याकडे बघायचा, मग घरात काय झालंय ते दबक्या आवाजात विचारायचा. निरोप रात्री आला, लग्नाचं असेल तर राहू द्या. पोती निघाली, आणि आता सगळं मार्गी लागलं असं मला वाटलं.

हळदीच्या सकाळी ईश्वरप्पा काका आले. आता त्यांची पाठ वाकली आहे, पण छाती अजून फोटोतल्या जागेवर आहे. अंगणात खुर्ची टाकून बसले, चहा घेतला, दाराकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"सुकन्या. ह्या चोपदारानं दंड कोणत्या हातात धरलाय?"

मी पाहिलं. आणि मला दिसलं.

"डावा हात हाय त्याचा. तलवारबी उजव्या कंबरंला लटकवलीय. हा डावखुरा हाय!"

अंगणातली हळद थांबली. शेजारपाजारच्या बायका पुढे आल्या आणि प्रत्येकीने स्वतःचा उजवा हात वर करून खात्री करून घेतली. नागुबाई नावाच्या शेजारणीने चोपदारासारखं उभं राहूनही पाहिलं.

"हाव की. डावाच हाय."

"डावा हात कशाला वापरतेत ते ठाऊक हाय ना?" काका म्हणाले. "लग्नघरात पाहुण्याला त्या हातानं सलाम? पोराकडचे येऊ लागलेत संध्याकाळी. काय म्हनतील, हेंच्या घरात सगळं उलटं?"

मी स्पष्टीकरण दिलं. दंड उजव्या हातात दिला तर तो दारात आडवा येतो. शिवाय समतोल. शिवाय डावखुरेपणात अशुभ असं काही नसतं. माझा स्वतःचाच आवाज मला वर्गातल्यासारखा वाटू लागला. मागे एका मुलाने, "म्याडम, आरशात पाहिलं तरी माणूस तोच राहतो ना?" असं विचारलं होतं आणि मी त्याला शून्य दिलं होतं.

"काढा तो," काका म्हणाले. "एकटा भालदार बरा, पर उलटा चोपदार नको."

मी ऋतुजाकडे पाहिलं. हळद लागलेली, हिरव्या बांगड्या भरलेली ती ओट्याच्या कडेला बसली होती. मला वाटलं ती विरोध करेल. ती म्हणाली, "काढा मामा. तसाही तो माझ्या ओळखीचा न्हाई."

हे मला डावखुऱ्यापेक्षा जास्त लागलं.

"गरम हवा देऊन हळूहळू काढ," मी रविकिरणला सांगितलं. "गोंद नरम पडू दे."

त्याने मान डोलावली, वरचं टोक नखाने उचललं आणि फर्रकन ओढलं.

स्टिकर सुटला, पण एकटा सुटला नाही. त्याच्यामागे डिस्टेंपरचा गुलाबी पापुद्रा आला, त्याखालचा पोपटी आला, त्याखालचे चुन्याचे थर आले, सगळे एकमेकांना धरून, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे. काका ओरडले, "अरे भिंत काढलीस!" रविकिरण स्टिकर हातात धरून मागे सरला.

भिंतीवर एक निळा अंगरखा होता.

कारण साधं आहे, ते मी नंतर सगळ्यांना सांगितलं. जुन्या पेंटरने तेलाचा रंग वापरला होता. तेलावर पाण्याचा चुना धरत नाही, नुसता टेकून राहतो. इतकी वर्षं चुना त्या माणसावर टेकून होता आणि बाकी भिंतीला चिकटून. म्हणून थर सुटले ते बरोबर तेल होतं तिथेच. कातरीने कापावा तसा माणसाच्या आकाराने चुना निघाला. फेटा, मिशी, छाती, धोतर, मोजडी. वाघ नव्हता. मोरपीस नव्हतं. केळीचा खांब तर नव्हताच. आणि तो थेट रविकिरणकडे बघत होता. चाळिशीकडे झुकलेला माझा भाऊ एक पाऊल मागे गेला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हाच."

दंड डाव्या हातात होता. तलवार उजव्या कंबरेला.

पेंटरने एकच कागदी खाका केला असणार. एका बाजूला सरळ लावला, दुसऱ्या बाजूला पालथा. बटण नव्हतं, एवढाच काय तो फरक. मी काकांकडे पाहिलं. काका खुर्चीतून उठले.

"मी म्हनलो न्हवतो का," ते म्हणाले, "डावाच हुता म्हनून?"

तेवढ्यात आई उठून भिंतीपाशी गेली. अंगरख्याच्या छातीवर रंग फासटलेला होता, चांगला हातभर रुंद. आईने तो पाहिला, मग काकांची पाठ पाहिली.

"भाऊजी, तुमचा कोट."

"काय कोट?"

"पेंटरनं त्या सकाळीच काम संपविलं हुतं. रंग ओला हुता. मी सगळ्यांला वरडून सांगालते, भिताडाला टेकू नगा. तुमी फोटोला हितंच टेकून हुबारले. तो धोबी मरून गेला बिचारा. तुमी बोलला न्हाई त्याच्याशी."

बायका हसल्या. काकाही शेवटी हसले, मग हसता हसता दस्तीने डोळे पुसू लागले आणि धूळ उडालीय म्हणाले.

मी हसत नव्हते. त्या रुंद फासटलेल्या पट्ट्याखाली, दाराच्या अंगाला, कंबरेच्या जरा वर, आणखी एक डाग होता. लहान, तळहाताएवढा. तिथे निळा रंग उचलला गेला होता आणि त्यात बारीक उभ्या-आडव्या रेघा उमटल्या होत्या. विणीच्या. मी गेले काही आठवडे रंग कुठे कसा सरकतो याशिवाय काही पाहिलं नव्हतं, म्हणून मला ते दिसलं. हा डाग चालता चालता घासून झालेला नव्हता. इथे कुणीतरी टेकून उभं राहिलं होतं, थोडा वेळ.

"ऋतुजा," मी म्हणाले, "शालू आण."

तिने तो हळदीच्या साडीवरूनच खांद्यावर घेतला आणि दारातून बाहेर येऊन भिंतीलगत उभी राहिली. डाव्या कोपराशी पदरावरचा डाग आणि भिंतीवरचा डाग समोरासमोर आले. शाई नव्हती ती. टर्पेंटाइनचा एक थेंब लावून बघणं मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर डाग गेला असता.

"निघताना रडली न्हाई ती," आई म्हणाली. "मला वाटलं, किती घट्ट काळजाची माझी पोर. जाताना म्हनली, थांब अव्वा, चप्पल घालते. आन् हितं हुबी राहिली जराशी." तिने भिंतीवर हात ठेवला. "चप्पल घालालीय, असंच वाटलं मला."

मग भालदारही खरवडून काढावा असा काकांनी आग्रह धरला, पण ती बाजू विजेचं मीटर बसवताना नव्याने गिलावा केलेली होती. तिथे खाली काही असणं शक्य नव्हतं. माझा भालदार राहिला. दुसऱ्या दिवशी लग्नात नवरदेवाचे एक मामा दोघांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि रविकिरणला म्हणाले, "हा भाल्याचा लई जुना दिसतो, हाताचं काम हाय. पर हा दुसरा फ्लेक्स छापताना बिघडला का हो? मधीच रंग पुसलाय." मी हे शेषेरावांना सांगणार आहे. दयानंदलाही सांगितलं असतं, पण त्याला ते योग्यच वाटलं असतं.

पाठवणीच्या वेळी मंडपात नेहमीसारखी रडारड झाली. अक्काचा शालू नेसलेली ऋतुजा रडली नाही. आईच्या पाया पडली, काकांच्या पडली, माझ्यापाशी आली, माझा हात दाबला आणि पुढे गेली. दारातून बाहेर पडली, चोपदारापाशी थांबली आणि वाकून चप्पल घालू लागली. चप्पल तिच्या पायात आधीच होती.

सगळे थांबले. बँडवालाही थांबला. तिने डावं कोपर त्या लहान डागावर टेकवलं आणि तशीच उभी राहिली. चोपदार तिच्या डोक्यावरून आमच्याकडे बघत होता. कुणाला पुढे येऊ देणार नाही, असा.

मग तिने कोपर उचलून पदर उजेडात धरला, पाहिला, आणि मागे वळून मला म्हणाली, "रंग वाळलाय, मावशी."